तार तुटली तर काय? – मुलांचे व्हिडिओ गेम आणि आपण

(२०२५ च्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



मी वक्ता नाही. भुसावळचा जन्म, जळगावला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, २००३ साली रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलो आणि बदल्या होत होत या संस्कारधानी जबलपुरात येऊन स्थिरावलो. काम सिग्नलचं. सिग्नल चालू असतो तोवर आमची कुणाला आठवण होत नाही, तो बिघडला की रात्री दोनलाही होते. व्यासपीठावर बोलण्याची सवय नाही. बोललो ते स्टेशन मास्तरांशी, तेही फोनवर, आणि बहुतेक वेळा आरडाओरडा त्यांच्याच बाजूने.

महिन्याभरापूर्वी आपल्या सचिवांचा फोन आला. म्हणाले, "यंदा नाटकाच्या तालमीला मुलंच येत नाहीत हो. सगळी गेममध्ये गुंतलेली. तुम्ही इंजिनिअर माणूस, दोन खरमरीत शब्द सुनवा." मी लगेच हो म्हटलं. पण टिपणं काढायला बसलो आणि लक्षात आलं की मुलांना रागावायचा मला फारसा अधिकार राहिलेला नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी आपल्या पिढीबद्दल. आपण काय फक्त विटीदांडूच खेळत होतो? नव्वदच्या दशकात गल्लीत एकाच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम असायचा. त्यात पिवळी कॅसेट घालायची, नाही चालली की काढून फुंकर मारायची, परत घालायची. फुंकरीने काय दुरुस्त होत होतं ते मला डिप्लोमा झाल्यावरही कळलेलं नाही. पण 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' खेळायला आम्ही रांग लावत होतो. मारिओचा तो खेळ जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८५ साली काढला. म्हणजे आज त्याला चाळीस वर्षं झाली. पुढे नोकरीत आल्यावर माझ्याकडे नोकिया ११०० हा फोन होता आणि त्यात सापाचा खेळ. रात्रपाळीत रिले रूमच्या बाहेर स्टुलावर बसून मी तो साप इतका लांब केलाय की आमच्या मालगाडीला लाज वाटावी. तेव्हा आईवडील जवळ नव्हते म्हणून कुणी रागावलं नाही, एवढाच फरक.

त्याहून मागे गेलात तर लुडो घ्या. लुडो म्हणजे आपल्याच पचिसीचं इंग्लंडमध्ये १८९६ साली पेटंट घेतलेलं सोपं रूप. त्याचं मोबाइलवरचं रूप 'लुडो किंग' २०१६ साली आलं आणि ते बनलं आपल्या नवी मुंबईत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो खेळ घराघरांत शिरला. आपल्या मंडळातल्या किती आज्या भुसावळ, अकोला, ग्वाल्हेर अशा ठिकाणच्या बहिणींशी दुपारभर लुडो खेळत होत्या, हे मला ठाऊक आहे. नावं सांगत नाही, पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. तेव्हा "मुलं गेम खेळतात" असं म्हणताना जरा आजूबाजूला पाहावं. दुपारी कँडी फोडणाऱ्या काकू, ऑफिसच्या बसमध्ये कॅरम पूल खेळणारे काका, आणि 'चेस डॉट कॉम'वर अमेरिकेतल्या अनोळखी माणसाकडून रोज हरणारे आपले निवृत्त गार्डसाहेब, सगळे एकाच डब्यातले प्रवासी आहेत.

मुलं काय खेळतात? मी कॉलनीतल्या मुलांना विचारत फिरलो. सगळ्यात जास्त नाव आलं ते 'बीजीएमआय'चं. याचा मूळ खेळ 'पबजी' २०१७ चा, दक्षिण कोरियाचा. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, हत्यारं शोधतात, खेळायची जागा हळूहळू लहान होत जाते आणि शेवटी जो उरेल तो जिंकला. त्याची मोबाइल आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने बंद केली. जुलै २०२१ मध्ये भारतासाठी वेगळी आवृत्ती आली, ती बीजीएमआय. जुलै २०२२ मध्ये तीही दुकानातून काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परत आली. परत आली तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातलेली होती. त्याच्यासारखाच 'फ्री फायर मॅक्स'. मोठी मुलं 'जीटीए' खेळतात; त्यात गाड्या पळवणं, मारामारी, सगळं आहे आणि तो स्पष्टपणे अठरा वर्षांवरील लोकांसाठी आहे. क्रिकेटवेड्यांचा चेन्नईत बनलेला 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' आहे. पुण्यात काही तरुणांनी 'राजी' नावाचा खेळ बनवला, तो २०२० साली आला. त्यात एक मुलगी आपल्या भावाला सोडवायला असुरांशी लढते, आणि मागे दिसतात राजस्थानी धाटणीचे महाल आणि मंदिरं. हा खेळ मराठी मंडळींच्या पुण्यात झाला हे आपल्याला माहीतही नसतं, कारण आपण पडद्याकडे पाहतच नाही. फक्त पडदा बंद करायला जातो.

आता माझी गोष्ट सांगतो. सौ. समोर बसल्या आहेत, त्यामुळे काही वाढवून सांगता येणार नाही.

जुलै २०२४. पावसाचे दिवस. पावसात आमचं काम वाढतं, कारण रुळांखालची खडी आणि चिखल ओला झाला की रुळातून जाणारा विद्युतप्रवाह गळतो, रिले पडतो आणि रुळावर गाडी नसतानाही सिग्नल लाल राहतो. अशाच एका रात्री दोन तास चिखलात उभा राहून बिघाड काढला आणि पहाटे तीनला घरी आलो. हॉलमध्ये अंधार, आणि चिरंजीवांच्या खोलीच्या दाराखालून निळा उजेड. वय तेरा. दार उघडलं तर साहेब पांघरुणात मोबाइल घेऊन, कानात हेडफोन. मी काही विचारलं नाही. फोन हिसकला आणि भिंतीवर मारला. काचेचे तुकडे झाले. "बंदुका चालवतो रात्रभर! शरम नाही वाटत?" असं बरंच काही बोललो. तो एक शब्द बोलला नाही.

त्यानंतर अकरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जेवायला यायचा, ताट उचलून ठेवायचा, जायचा. मी मनात म्हणत होतो, चला, धडा मिळाला, घर शांत झालं. बाराव्या दिवशी सौ. म्हणाल्या, "अहो, तो त्या रात्री काय खेळत होता, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?"

नव्हतं विचारलं.

रविवारी मी त्याच्या खोलीत गेलो. २०२० साली ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला जुना संगणक होता, त्याच्यापुढे तो बसला होता. मी म्हटलं, "दाखव." त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मग दाखवलं. तो खेळ बंदुकीचा नव्हता. त्याचं नाव 'माइनक्राफ्ट'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा खेळ स्वीडनमध्ये बनला, २००९ साली पहिल्यांदा लोकांपुढे आला, २०११ साली पूर्ण झाला. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. खेळात सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. माती, दगड, लाकूड, लोखंड, सगळे ठोकळे. ते खणायचे आणि त्यातून जे हवं ते बांधायचं. जिंकणं-हरणं असं सक्तीचं काही नाही. आपल्या लहानपणी दिवाळीत किल्ला करायचो ना, तसंच; फक्त माती संपत नाही आणि आई अंगण खराब केलं म्हणून ओरडत नाही.

माझ्या मुलाने त्यात रेल्वे लाइन बांधली होती. डोंगराच्या पोटातून बोगदा, दरीवर पूल, दोन स्टेशनं. आणि स्टेशनाबाहेर सिग्नल! दोन दिवे एकावर एक. एकाभोवती हिरव्या लोकरीचे ठोकळे, दुसऱ्याभोवती लाल. ही लाइन तो एकटा बांधत नव्हता. नागपूरचा त्याचा मामेभाऊ आणि तो, दोघं एकाच जगात उतरून बांधत होते. त्या रात्रीही तेच चाललं होतं. वेळ चुकीची होती, खेळ चुकीचा नव्हता; मी दोन्हींना मिळून एकच शिक्षा केली होती.

आता या खेळात 'रेडस्टोन' नावाची एक लाल भुकटी असते. ती जमिनीवर ओळीत टाकली की तारेसारखी वीज नेते. पंधरा ठोकळ्यांपर्यंत प्रवाह जातो, मग संपतो. पुढे न्यायचा तर मध्ये 'रिपीटर' बसवावा लागतो. रेडस्टोनचीच एक मशाल असते. ती ज्या ठोकळ्यावर लावली त्या ठोकळ्यात वीज आली की मशाल विझते, वीज गेली की पेटते. म्हणजे उलटा करणारा रिले! मी खुर्ची पुढे ओढली. बावीस वर्षं ज्या रिलेच्या खडखडाटात नोकरी केली, तोच हिशोब माझा तेरा वर्षांचा मुलगा ठोकळ्यांनी मांडत होता. 'दोन्ही असतील तरच', 'यापैकी एक असेल तरी', 'हे नसेल तर', ही सगळी जुळणी त्याने शाळेत नव्हे, त्या खेळात शिकली होती.

त्याने कौतुकाने दाखवलं. रुळात एक ओळखणारा रूळ बसवला होता. त्यावरून गाडी गेली की त्यातून वीज निघायची, तारेने सिग्नलपर्यंत यायची, हिरवा विझायचा आणि लाल पेटायचा. "बघा बाबा, गाडी आली की लाल."

मी म्हटलं, "छान. आणि तार तुटली तर काय?"

तो गप्प झाला. मी म्हटलं, "मधली भुकटी एका ठिकाणी काढून टाक." त्याने काढली. मग त्याने गाडी सोडली. गाडी रुळावर उभी, आणि सिग्नल हिरवाच. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. कारण निरोप यायचीच सोय तुटली होती, आणि सिग्नलला वाटत होतं की निरोप नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

मी त्याला सांगितलं की खऱ्या रेल्वेत आम्ही उलट करतो. रूळ मोकळा असताना रुळातून सतत प्रवाह चालू ठेवतो आणि त्या प्रवाहावर रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाकं दोन्ही रूळ जोडून तो प्रवाह आपल्याकडे ओढतात आणि रिले पडतो, सिग्नल लाल. रूळ तुटला, तार तुटली, बॅटरी संपली, पावसाने प्रवाह गळला, काहीही झालं तरी रिले पडणार आणि सिग्नल लालच होणार. गाड्या थांबतील, लोक आम्हाला शिव्या घालतील, पण कुणी मरणार नाही. याला आमच्यात 'फेल-सेफ' म्हणतात. म्हणजे बिघडायचंच असेल तर सुरक्षित बाजूला बिघडावं.

मग दुपारभर आम्ही दोघांनी ते सगळं उकरून परत बांधलं. मशाल सिग्नलपाशी होती, ती रुळापाशी आणली. आता रूळ मोकळा असला की मशाल पेटलेली, तारेत सतत वीज, सिग्नल हिरवा. गाडी आली की मशाल विझणार, तार मृत, सिग्नल लाल. तार तोडून पाहिली, तरी लाल. तो टाळ्या वाजवत उठला. मग त्यानेच नवी अडचण काढली, "बाबा, गाडी त्या रुळावरून पुढे सरकली की परत हिरवा होतो, पण गाडी तर अजून बोगद्यातच आहे!" मी म्हटलं, शाबास, याचसाठी आम्ही ॲक्सल काउंटर लावतो. आत जाताना चाकं मोजायची, बाहेर निघताना मोजायची, हिशोब जुळला तरच सेक्शन मोकळा. तो पुढच्या रविवारचा कार्यक्रम झाला. आणि खरं सांगतो, एवढी वर्षं मी काय काम करतो हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आधी त्याला एवढंच माहीत होतं की बाबा रात्री जातात आणि चिडून येतात.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या मनात वेगळाच विचार आला. घरातली तार तर केव्हाच तुटली होती. मुलगा बोलत नव्हता, सांगत नव्हता, आणि मी समजत होतो की तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक आहे. रेल्वेत मी बावीस वर्षं जी चूक होऊ दिली नाही, ती घरात केली होती. मुलाचा निरोप यायचा थांबला, तेव्हाच माझा दिवा लाल व्हायला हवा होता.

या सगळ्यात एक फायदा असा झाला, ज्याचा मंडळाला आनंद व्हावा. आपल्या मुलांचं मराठी हा आपल्या सगळ्यांचा दुखरा भाग. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी. घरात आपण मराठीत विचारायचं आणि त्यांनी हिंदीत उत्तर द्यायचं. पण नागपूरच्या मामेभावाला हिंदीत सांगत बसलं तर तोवर पूल कोसळतो! त्यामुळे आमच्या घरातून आता मोठमोठ्याने मराठी ऐकू येतं. "अबे थांब न बे, पडशीन!", "काहून तोडलं तू?" असं अस्सल वऱ्हाडी. सौ. आधी दचकल्या, त्यांना वाटलं भांडण चाललंय. भुसावळच्या आजीला फोनवर त्याने विचारलं, "आजी, काय करून राहिली?" आजी म्हणाल्या, "हा कोण नागपूरकर?" पण हसत हसत दहा मिनिटं बोलल्या. आधी दोन मिनिटांच्या वर बोलणं होत नव्हतं.

मला स्वतःलाही खोड लागली, हे कबूल करतो. रेल्वेचे खेळ किती आहेत म्हणता! २००१ साली मायक्रोसॉफ्टचा 'ट्रेन सिम्युलेटर' आला, त्यात सहा मार्ग होते, आपला एकही नाही. पण आपल्याकडच्या हौशी पोरांनी त्यासाठी आपली डिझेल आणि विजेची इंजिनं, आपले डबे, आपली स्टेशनं फुकट बनवून दिली, आणि तीच आता 'ओपन रेल्स' या मोफत प्रोग्रामवर चालतात. जपानमध्ये १९९६ पासून 'देन्शा दे गो' नावाचा खेळ आहे, त्यात लढाई नाही, शर्यत नाही. लोकल गाडी वेळेवर आणि नेमक्या खुणेवर उभी करायची, एवढंच. आमच्या लोको पायलट मित्राला तो दाखवला तर म्हणाला, "हे मी घरीही करू?" 'ओपन टीटीडी' हा २००४ पासूनचा मोफत खेळ, जुन्या संगणकावरही चालतो. त्यात सिग्नल चुकीच्या जागी लावला की चार गाड्या एकमेकींची तोंडं बघत उभ्या राहतात. न्यूझीलंडच्या 'मिनी मेट्रो'त चक्क मुंबईचा नकाशा आहे. हे खेळ खेळताना मला समजलं की मुलं उठायला का तयार नसतात. "एवढी एक गाडी निघू दे" म्हणता म्हणता माझे रात्रीचे साडेअकरा वाजले, आणि दिवा बंद करायला आले ते चिरंजीव.

पण मित्रहो, सगळंच गोड आहे असं सांगायला मी उभा नाही. दोन ठिकाणी धोका आहे आणि तिथे सिग्नल लालच असला पाहिजे.

पहिला धोका पैशाचा. आमच्याच खात्यातला एक तरुण, नाव सांगणार नाही, त्याच्या परवानगीने सांगतो. पत्त्यांचा एक ॲप, पैसे लावून खेळायचा. सुरुवातीला शंभराचे तीनशे झाले. मग हजार लावले, गेले. गेलेले परत मिळवायला आणखी लावले. पाच महिन्यांत दीड लाखाच्या वर रक्कम गेली, त्यात बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. घरी कळलं तेव्हा तो ड्यूटीवर येईना, फोन उचलेना. आम्ही चौघं त्याच्या खोलीवर गेलो, समजावलं, पगारातून थोडं थोडं फेडायची व्यवस्था लावली. आज तो सावरला आहे. त्याचं एक वाक्य मी विसरत नाही. म्हणाला, "साहेब, मी खेळत नव्हतो, मला खेळवत होते." ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायच्या खेळांना त्यात मनाई आहे, आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धेच्या खेळांना, मान्यता आहे. फार चांगलं झालं. पण कायदा दाराबाहेर उभा असतो, मोबाइल उशाखाली असतो. तेव्हा घरातही लक्ष हवं.

दुसरा धोका वेळेचा. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, खेळाच्या विकाराचा समावेश केला आहे. घाबरू नका, रोज तासभर खेळणारा मुलगा आजारी नव्हे. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणं, आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, हे तिन्ही साधारण वर्षभर टिकून राहिलं आणि त्यामुळे शिक्षण, घर, तब्येत यांचं खरोखर नुकसान झालं, तर तो विकार. तसं वाटलं तर डॉक्टरांकडे न्यावं, भिंतीवर फोन मारू नये. माझ्या अनुभवावरून सांगतो, फोनही जातो आणि उपयोगही होत नाही.

आमच्या घरात आम्ही तिघांनी मिळून काही नियम केले, ते सांगतो. नियम रेल्वेचेच आहेत.

एक, 'लाइन क्लिअर' घेतल्याशिवाय गाडी सुटणार नाही. अभ्यास झाला का ते पाहून लाइन क्लिअर सौ. देतात, मी देत नाही. मी फितूर होतो.

दोन, सेक्शनमध्ये शिरलेली गाडी मध्येच थांबवायची नाही. मित्रांबरोबरचा ऑनलाइन सामना अर्धा तास चालतो आणि तो मध्येच थांबवता येत नाही. उठला तर त्याच्या बाजूचे तीन मित्र अडकतात. म्हणून "आत्ताच्या आत्ता बंद कर" हा हुकूम आम्ही रद्द केला. त्याऐवजी, पुढच्या गाडीला लाइन क्लिअर नाही. हे त्याने एका दिवसात मान्य केलं. वर्षभराच्या आरडाओरड्याने जे झालं नव्हतं, ते एवढ्याने झालं.

तीन, रात्री दहाला सगळे मोबाइल हॉलमधल्या फळीवर. सगळे म्हणजे माझाही. ड्यूटीची घंटा तिथूनही ऐकू येते.

चार, खेळाला बँकेचं खातं किंवा कार्ड जोडायचं नाही. आणि पाच, खेळ उतरवण्यापूर्वी त्यावर लिहिलेलं वय पाहायचं. ३, ७, १२, १६, १८ असे आकडे तिथे स्पष्ट छापलेले असतात. सिनेमाला जाताना आपण प्रमाणपत्र पाहतो, तसंच हेही पाहावं.

शेवटी सचिवांच्या तक्रारीकडे येतो. मुलं तालमीला येत नाहीत, हे खरं. पण आपणही कधी त्यांच्या अंगणात जात नाही. माझी सूचना अशी की पुढच्या वर्षी एक संध्याकाळ खेळांची ठेवावी. आज्यांचा लुडो, निवृत्तांचं बुद्धिबळ, आणि मुलांनी माइनक्राफ्टमध्ये आपल्या गणपतीची आरास बांधावी. पडद्यावर सगळ्यांनी पाहावी आणि मुलांनी ती मराठीतून समजावून सांगावी. त्याबदल्यात मुलांनी तालमीला यायचं. मागच्या रांगेतून मान हलताना दिसते आहे, म्हणजे लाइन क्लिअर मिळालेली दिसते.

आणि पालकांना एकच विनंती. आज घरी गेल्यावर मुलाच्या शेजारी दहा मिनिटं बसा आणि फक्त म्हणा, "दाखव." पहिल्यांदा दाखवणार नाही. दुसऱ्यांदाही नाही. तरी म्हणत राहा. आमच्याकडे मुलाच्या नव्या फोनला वर्ष झालं, पण फुटलेला फोन मी टाकलेला नाही. कपाटात ठेवला आहे. कधी राग आलाच तर दार उघडल्यावर तो आधी दिसतो.

माझं बोलणं लांबलं, आरतीची वेळ झाली आहे. मुलांनो, मोबाइल खिशात घाला आणि टाळ हातात घ्या.

गणपती बाप्पा मोरया!